मराठवाड्यातल्या जागांचे फोटो: नुसते टाकू नका, त्याविषयी बोला

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

आपल्या भागातल्या जागांचे फोटो आता भरपूर फिरतात आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पूर्वी मराठवाडा म्हटलं की वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा, संपलं. आता होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरी, खरोशाची लेणी, कंधारच्या किल्ल्याचा खंदक, निलंग्याचं नीलकंठेश्वर, सगळं घरबसल्या दिसतं. पण फिरता फिरता फोटोवरून गावाचं नाव गळून पडतं. पावसाळ्यात नळदुर्गचे नर-मादी धबधबे सगळीकडे येतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'कर्नाटकातला एक किल्ला'. अन्व्याच्या मंदिराचे खांब वेरूळचे म्हणून खपतात. अजिंठ्याला सर्रास जळगाव जिल्हा चिकटवतात. लेणी सोयगाव तालुक्यात आहेत, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. उलट लोणारचं सरोवर 'आपल्या मराठवाड्याची शान' म्हणून येतं. लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. शेजाऱ्याचं कौतुक जरूर करू, पण पत्ता बरोबर देऊन.

मला यात खुपतं ते असं की नाव गेलं की त्या गावची माणसंही बोलायची थांबतात. मागे मी चारठाण्याच्या (ता. जिंतूर) त्या उंच कोरीव स्तंभाचा फोटो गावाच्या नावासकट टाकला होता. कोणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कोणी दीपमाळ. दोन दिवसांत खाली इतकी माणसं जमली! एकाने लिहिलं की त्यांची शाळा जवळच होती आणि मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या सावलीत डबा खायची. दुसऱ्याने गावातल्या बारवेची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीची, विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी गावातल्याच एका मुलीने पायऱ्यांवरून काढलेला बारवेचा ताजा फोटो टाकला, त्यात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे ते स्पष्ट दिसत होतं. माझा फोटो साधाच होता. खालचं बोलणं मात्र मी जपून ठेवलंय.

तर इथे फोटो टाका. गाव, तालुका, कुठल्या महिन्यात काढला ते लिहा. आणि त्या जागेविषयी जे ऐकलंय, पाहिलंय, ते सांगा. सुरुवात मी करतो.

[फोटो: अन्वा, ता. भोकरदन. सभामंडपातला खांब, सकाळचं ऊन]

सेलूची_माती

धाग्याबद्दल आभार दादा. आमच्या तालुक्यातल्या वालूरची बारव टाकतोय. वरून बघितली की पायऱ्या गोल फिरत खाली उतरताना दिसतात. चौकोनी बारवा आपल्याकडे जागोजागी आहेत, पण असं चक्राकार बांधकाम फारसं बघायला मिळत नाही.

[फोटो: वालूर, ता. सेलू. वरून घेतलेला]

मी लहानपणी बघितलेली बारव आणि ही, एकच आहे हे सांगून पटणार नाही. गाळ, काटेरी झुडपं, कचरा, सगळं होतं तिच्यात. गावकऱ्यांनीच श्रमदान करून ती मोकळी केली. महाशिवरात्रीला राज्यभर बारवांमध्ये दिवे लावायची मोहीम चालते, तिचे फोटो लोकांनी बघितले आणि मग 'आपल्याकडं बी हाय की अशीच, आपणच कामून मागं?' असं पारावर बोलणं सुरू झालं. लांबच्या माणसाने लेख लिहून जे झालं नसतं ते शेजारच्या गावच्या फोटोने झालं. ईर्षा कामाला आली म्हणा ना.

एकच विनंती, दिव्यांचा फोटो सगळे काढतात. सकाळी तेलाचे डाग आणि पणत्या उचलतानाचा पण एखादा टाकत जा.

वीरगळ

चांगला धागा. अन्व्याच्या फोटोबद्दल थोडं. पुढच्या वेळी खांबांवरून नजर काढून बाहेरच्या भिंतीवर न्या. तिथल्या देवकोष्ठांत (मूर्तींसाठीच्या कोनाड्यांत) विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. हातातली शंख, चक्र, गदा, पद्म यांची जागा मूर्तीगणिक बदलते आणि त्या क्रमावरून कोणतं रूप ते ओळखतात. म्हणून फोटो समोरून आणि चारही हात येतील असा हवा. नुसता चेहरा सुंदर आला तर डोळे सुखावतात, अभ्यास होत नाही.

आणि कृपया प्रत्येक दगडी देवळाखाली 'हेमाडपंती' लिहू नका. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. आपल्याकडची कितीतरी देवळं त्याच्या आधीच्या चालुक्य काळातली आहेत. माहीत नसेल तर 'जुनं दगडी मंदिर' लिहा, त्यात काहीच कमीपणा नाही.

पूर्णाकाठ

सर, तुम्ही आलाच आहात तर एक विचारतो. आमच्या गावात मारुतीच्या पाराजवळ हा दगड उभा आहे. कमरेएवढा. शेंदूर इतका बसलाय की नाकडोळे दिसत नाहीत. म्हातारी माणसं 'देव' म्हणतात, कुठला ते कोणी सांगत नाही.

[फोटो: दगड समोरून]
[फोटो: खालचा भाग जवळून, शेंदूर कमी आहे तिथे]

वीरगळ

दुसरा फोटो टाकलात हे फार बरं केलंत. हा वीरगळ आहे. खालून वर वाचत जायचा. सर्वांत खालच्या चौकटीत डावीकडे शिंगं दिसतात का? ती गाईगुरं आहेत. त्यांच्यासमोर ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि पायाशी आडवा पडलेलाही तोच. म्हणजे गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला दोन अप्सरा दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. शेंदराखाली दोन डोक्यांचे उंचवटे दिसतात ते त्यांचे. वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर असणार, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याचं नाव राहो, हा अर्थ. शेंदूर खरवडायला मात्र जाऊ नका. दगडाचं नुकसान होतं आणि गावाचं मनही दुखतं.

पूर्णाकाठ

सर, अंगावर काटा आला वाचून. संध्याकाळी आईला दाखवलं तुमचं उत्तर. ती म्हणाली, आजी हयात असताना कुणाचं जनावर हरवलं की ह्या दगडापुढं नारळ बोलायचे! जनावर सापडलं की फोडायचा. का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता मला कळायलंय असं वाटतं.

वीरगळ

ही गोष्ट लिहून ठेवा, आजीचं नाव न घालता लिहिली तरी चालेल. गुरांसाठी मेलेला माणूस आणि हरवलेल्या गुरांसाठी बोललेला नारळ, यांचा थेट धागा आहे असं मी पुराव्याने सिद्ध करू शकत नाही. पण ही माहिती दगडावर नाही आणि पुस्तकातही नाही. ती तुमच्या आईकडे होती आणि हा फोटो दाखवल्याशिवाय बाहेर आली नसती.

तेरणाकाठ

वर पूर्णाकाठ यांनी आईला फोटो दाखवला ते वाचून लिहावंसं वाटलं. माझं थोडं वेगळं आहे.

आम्ही किल्लारी भागातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. त्यानंतरचे फोटो सगळ्या देशाने पाहिलेत: ढिगारे, चिता, रडणाऱ्या बाया. आमच्या गावाचं नाव शोधलं की आजही तेच समोर येतं. मी ते फोटो काढणाऱ्यांना दोष देत नाही, ते बघूनच मदत आली. पण त्याच्या आधीचं गाव कुठाय? आधी माणसं हसत होती, जत्रा भरत होती, दगडी वेशीतून बैलगाड्या जात होत्या. त्याचे फोटो आमच्याकडे नाहीत, कारण असलेले घराबरोबरच गेले. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद; उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. पेटीतले फोटो कोण शोधणार होतं? नंतर गावं नव्या जागी वसली. रस्ते सरळ, घरं ओळीने, सगळं नवीन.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने, जो नोकरीनिमित्त आधीच बाहेर होता, त्याच्या लग्नाचा एक फोटो ग्रुपवर टाकला. काळापांढरा. वरात जुन्या गावातून चाललेली. नवरदेव मधोमध आहे, पण त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. 'मागं दिसतंय ते आमचं जोतं.' 'ती पिठाची गिरणी.' 'खांबाला टेकून उभा आहे तो आमचा काका, ह्याचा एकही फोटो नव्हता आमच्याकडं.' त्या शेवटच्या माणसाने फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून घेतला. चेहरा पुसटसा, दाणे दिसणारा. तो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे, हार घातलेला. इतक्या वर्षांनी काकाला हार मिळाला.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, घरातले लग्नाचे, बारशाचे, शाळेचे जुने फोटो काढा. माणसांच्या मागे काय दिसतं ते बघा. वेस, पार, आड, गढी, एसटीचा थांबा. तुमच्यासाठी ती मागची भिंत आहे, दुसऱ्या कुणासाठी तो एकमेव फोटो असू शकतो.

शिवारफेरी

तेरणाकाठताई, तुमची पोस्ट धाग्याच्या वर कायमची लावून ठेवायला सांगितली आहे.

गोदाकाठ

ताईंच्या पोस्टनंतर माझंही तसंच. जायकवाडीचं भूमिपूजन १९६५ साली झालं आणि १९७६ साली धरण देशाला अर्पण केलं. पैठणला गेल्यावर लोक सत्तावीस दरवाजांचे फोटो काढतात, पाणी सोडलं की गर्दी उसळते. नाथसागर डोळ्यांत मावत नाही इतका मोठा आहे हे खरं. पण माझ्या आजोबांचं शेत आणि घर त्या पाण्यात आहे. दुष्काळी वर्षी पाणी मागे हटलं की जुन्या गावठाणांचे दगड, देवळाचं जोतं, विहिरीचं तोंड उघडं पडतं. तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं तिथे जातात. फोटो काढायला नाही, नुसती जाऊन उभी राहतात. मी एकदा वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून घेतलं: हे आपलं खळं, इथून ओढा, हा अमक्याचा वाडा. ते चालतायत आणि मी मागून फोटो काढतोय. त्यांच्या बोलण्याशिवाय तो नुसता चिखलातल्या दगडांचा फोटो झाला असता.

[फोटो: नाथसागर, पाणी ओसरल्यावर. उजवीकडे विहिरीचं कडं]

आणखी एक, पक्षी टिपणाऱ्यांसाठी. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. त्यांच्या थव्यावर ड्रोन नेऊन उडतानाचा व्हिडिओ काढायचं खूळ निघालंय. मैलोनमैल उडून आलेली पाखरं पोटाला खायला उतरतात, त्यांना वारंवार उठवलं तर ती तिथे येणं सोडतात. कृपा करून असे व्हिडिओ कोणी टाकले तर वाहवा करू नका.

परांडेकर

गोदाकाठ, मस्त लिहिलंय. मी परांड्याच्या किल्ल्याचे टाकतो. 'मुलूखमैदान तोफ आहे का अजून?' असं दरवेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो: ती परांड्याहून विजापूरला नेली गेली, आज तिथल्या बुरुजावर आहे. आमच्याकडे दुसऱ्या तोफा आहेत आणि त्याही बघण्यासारख्या आहेत. कोणी आलं तर तोफेवर बसून फोटो काढू नका एवढंच.

[फोटो: परांडा, बुरुजावरची तोफ, तोंडाकडून]

पांढरीतली_खापरं

तेरच्या लोकांनी पण बोललं पाहिजे ना.

प्राचीन तगर म्हणजे आमचं तेर. ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात नाव आलेलं. त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळे येतात, दर्शन घेतात आणि जातात; रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय बघायचं राहून जातं. ते जरूर बघा. इथे सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावाचा व्यवहार कुठपर्यंत होता बघा.

आता दुखरी बाजू. पाऊस पडून गेला की पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. माझ्या ओळखीच्या एका पोराने तळहातावर पाच-सहा मणी ठेवून फोटो टाकला. हौसेनं टाकला बिचाऱ्यानं. खाली चार लोकांनी विचारलं, कसले मणी. आणि खासगीत लगेच निरोप: 'भाव काय?' 'अजून किती निघतील?' 'जागा दाखवतो का?' पोरगं घाबरून गेलं, फोटो काढून टाकला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, उघड्यावरच्या वस्तूंचा नेमका पत्ता देऊ नये.

रानवाट

पांढरीतली_खापरं यांना पूर्ण पाठिंबा. मी तर म्हणेन, गावाचं नावसुद्धा देऊ नये. शिवारात एकट्या पडलेल्या मूर्ती, वीरगळ, यांना ना कुलूप ना राखण. गुप्तधनाच्या नादाने मूर्तीखाली खणणारे कमी आहेत का? आमच्याकडे एका पडक्या देवळातला नंदी मुळापासून उपटून आडवा टाकलेला मी डोळ्यांनी बघितलाय, खाली पुरुषभर खड्डा. असा फोटो पत्त्यासकट टाकणं म्हणजे चोराला वाट दाखवणं. शिवारफेरी दादांचा हेतू चांगला आहे, पण गावाचं नाव लिहा हा नियम सरसकट नको.

वीरगळ

काळजी रास्त आहे. कायदा आधी सांगतो: शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. 'भाव काय' विचारणाऱ्याला एवढं ऐकवलं तरी तो गप्प होतो.

पण रानवाट, लपवून मूर्ती वाचते हे मला पटत नाही. चोराला वाट गावातलाच कोणीतरी दाखवतो, त्याला फोटोची गरज नसते. फोटोची गरज चोरीनंतर पडते, ती आपल्याला. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज आणि वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयांत पोचले होते. २०१४ साली त्या देशाने दोन्ही मूर्ती परत केल्या. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने कितीतरी वर्षं आधी देवळांत जाऊन काढून ठेवलेले फोटो तिथे पुरावा म्हणून उभे राहिले. मूर्ती जागेवर होती हे दाखवणारा फोटो नसता तर कोणाच्या नावाने मागणार? आपल्याकडेही २०२२ साली जांब समर्थच्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि पोलिसांनी तपास करून त्या मिळवल्या. तिथे रोज पूजा होत होती, गावाला मूर्ती पाठ होत्या. शिवारातल्या एकट्या मूर्तीला कोण ओळखणार?

रानवाट

सर, जांबचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. पूजा होत असलेली, सगळ्यांना माहीत असलेली मूर्तीसुद्धा जाते. मग माळावरची काय टिकणार? पुरावा हवा हे मान्य. पण तो सगळ्या जगासमोर मांडायलाच हवा का? फोटो काढा, नीट जपा, पुरातत्त्व विभागाला कळवा. जाहीर फोटोखाली तालुका लिहा, बास.

पांढरीतली_खापरं

हे मला पटायलंय. देऊळ, किल्ला, बारव यांचं गाव सांगा, ते कोणी उचलून नेत नाही. जे चार माणसांना उचलता येतं त्याचा फक्त तालुका.

शिवारफेरी

मान्य. धाग्याच्या सुरुवातीला तशी ओळ घालतो: उचलता येण्याजोग्या वस्तूंचा फक्त तालुका लिहा. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'लोकेशन' चालू असेल तर मूळ फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, नाव लिहिलं नाही तरी. जाहीर टाकण्याआधी ती नोंद काढून टाका. मूळ फाइल मात्र नोंदीसकट स्वतःजवळ जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि ही माहिती गळते. नोंदीसकट द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उस्ताद_लेन्सवाले

तांत्रिक विषय निघालाच आहे तर शिलालेखांबद्दल बोलतो, कारण यात लोक फार नुकसान करतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू घासतात, पीठ चोळतात, तेल ओततात. कुणी कुणी तर ऑइल पेंटने अक्षरं गिरवलेली मी पाहिलीत. आणि चुकीची गिरवलेली! पुढचा वाचणारा मग ती चूकच वाचतो.

यातलं काहीच करायची गरज नाही. सकाळी लवकर किंवा दिवस मावळायच्या आधी जा. ऊन तिरपं असतं, प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि दुपारी कोरा वाटलेला दगड घडाघडा बोलतो. गाभाऱ्यात अंधार असेल तर टॉर्च समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक, असे वेगवेगळे फोटो घ्या. एकात न दिसलेली मात्रा दुसऱ्यात सापडते. शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर पेन ठेवला तरी चालतो. अंबाजोगाईत असं तिरप्या उजेडात बघितल्यावर एका ओळीखाली अजून एक ओळ आहे हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. तोपर्यंत तिथे शेवाळाचा पट्टा आहे असंच वाटत होतं.

तेरणाकाठताईंनी जुने अल्बम काढा म्हटलंय, त्यासाठीही सांगतो. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका, कागद फाटतो. पानासकट सावलीत, खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल अगदी सरळ वरून धरा. मागे काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो. स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही.

मांजरा_लेक

मला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय, आणि जरा रागानेच.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या काळात आमच्या शहरात जितके कॅमेरे आले तितके मी पुन्हा पाहिले नाहीत. भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरी, टँकरभोवती बायका. खरं होतं ते सगळं, मी स्वतः त्या रांगांत उभी राहिले आहे. पण रांगेतल्या बाईला कोणी विचारत नव्हतं, 'ताई, फोटो काढू का?' आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा घागर घेतलेला फोटो असाच कोणीतरी काढला. नंतर तो कुठकुठे फिरला. पाण्याच्या बातमीवर होता तोवर ठीक. पुढे कुणीतरी तो शेतकरी आत्महत्येच्या मजकुरावर लावला. काकूंचा नवरा धडधाकट, रोज दुकानात बसणारा. नातेवाइकांचे फोन यायला लागले. त्या माउलीने कितीतरी दिवस घराबाहेर पडणं टाळलं. काढणारा कोण होता तेही आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. चेहरा ओळखू येत असेल तर विचारल्याशिवाय टाकत नाही. आणि आमच्या भागाचा नुसता भेगांचाच फोटो मी पुढे पाठवत नाही. दुष्काळ आहे, तो लपवायचा नाही. पण त्याच शिवारात सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडतं, मार्गशीर्षात वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जाऊन भज्जी-आंबील खातं, ज्वारीच्या कणसांत माणूस दिसेनासा होतो. हेही लातूरच आहे.

[फोटो: वेळ अमावस्या, लातूर तालुका. कोपीत मांडलेली पूजा. घरच्यांना विचारून टाकला आहे]

सेलूची_माती

ताई, भज्जीचा फोटो न टाकता नुसतं नाव लिहिलं हा अन्याय हाय. पण तुमचं म्हणणं एकदम खरं. बाहेरचे लोक आम्हाला भेटले की पहिलं विचारतात, 'तुमच्याकडे पाणी आहे का हो?' फोटोंनी ठसवलंय ते.

तेरणाकाठ

मांजरा_लेक, माझ्या मनातलं लिहिलंत. ढिगाऱ्यांच्या फोटोंतल्या बायकांनाही कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्यातल्या काही अजून आहेत, नातवंडं असे फोटो त्यांच्यासमोर उघडतात. दरवर्षी ३० सप्टेंबरला ते टाकणाऱ्यांनी एवढा एक विचार करावा.

वीरगळ

छायाचित्राची ताकद आणि जबाबदारी दोन्ही आपल्या भागाला फार जुनी आहे. रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला, वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने लेण्यांचे फोटोही काढले होते आणि ते १८६४ साली छापले गेले होते, म्हणून उरले. त्यानंतर भिंतींवरचा रंग कुठे कुठे गेला हे ताडून बघायला असे जुने फोटोच कामी येतात. आपल्याला आज साधा वाटणारा फोटो पुढे कशासाठी लागेल ते सांगता येत नाही. आणि म्हणूनच अजिंठ्यात फ्लॅश मारू नका. तिथे बंदी आहे ती उगाच नाही.

गोदाकाठ

सर, म्हणजे माझे चिखलातले दगडही कामाला येतील म्हणता!

वीरगळ

नक्की येतील. वडिलांचं बोलणं भरून घेतलंय ना, ते आणि फोटो एकाच ठिकाणी ठेवा. कुठल्या फोटोच्या वेळी ते काय म्हणाले ते लिहून काढा, वडील आहेत तोवर त्यांच्याकडून तपासून घ्या.

शिवारफेरी

यावरून सुचलं ते मांडतो. जमेल त्यांनी स्वतः काढलेले देवळं, किल्ले, बारवा यांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली चढवावेत, म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या गावांच्या लेखांना ते लावता येतात. आपल्या कितीतरी गावांच्या लेखांत एकही फोटो नाही. चढवताना वर्णन मराठीत लिहा. दुसऱ्याचे फोटो मात्र चढवू नका, विचारून घेतले तरी परवाना काढणाऱ्यानेच द्यावा लागतो. घरगुती अल्बममधले फोटो तिथे नकोत, ते इथेच राहू देत. अडलं तर मला निरोप करा, सोबत बसून चढवू.

पूर्णाकाठ

मी बारवेपासून सुरुवात करतो दादा. आणि सर, आईने अजून एक दगड सांगितलाय, ओढ्याकाठी आहे म्हणे, त्यावर नुसता कोपरातून वळलेला हात आहे, बांगड्या घातलेला. रविवारी जाऊन येतो.

वीरगळ

सतीशिळा असणार, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. ऊन तिरपं असताना जा. वर चंद्र-सूर्य आहेत का, हाताच्या शेजारी एखादी छोटी आकृती आहे का, ते नीट बघा. फोटो टाकताना फक्त तालुका.

नवीन_सदस्य_भूम

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या तालुक्यातल्या माणकेश्वरच्या महादेव मंदिराचे फोटो टाकते. बाहेरच्या भिंतीवर खालच्या थरात काही आकृत्या झिजल्या आहेत, त्या ओळखता येत नाहीत. कोणाकडे या बाजूचे जुने, दहा-वीस वर्षांपूर्वीचे फोटो असतील तर टाकाल का? सहलीचे असले तरी चालतील.

[फोटो: माणकेश्वर, ता. भूम. दक्षिणेकडची भिंत, खालचा थर]
[फोटो: तीच भिंत, संध्याकाळी ५ नंतर]

उस्ताद_लेन्सवाले

ताई, दुसरा फोटो उत्तम आलाय. डावीकडून तिसऱ्या आकृतीच्या हातात काहीतरी लांबट दिसतंय. माझ्याकडे जुन्या सहलीची निगेटिव्ह आहेत, त्यात माणकेश्वर असणार. शोधून स्कॅन करून टाकतो.